आत्या, कावळा लगेच शिवला

आत्या,

काल तुझ्या दहाव्याला पंचवटीत गंगेवर एका माजी नगरसेवकाने तुला ‘मातृहृदयी, सोशिक आणि मितभाषी’ म्हटलं. मितभाषी ऐकून माझ्या शेजारच्या बाईने पदर तोंडाला लावला, आणि ते रडू नव्हतं. तुझं नाव त्यांनी आधी कुसुम घेतलं, मागून कुणीतरी कुजबुजल्यावर सुमन केलं. म्हणजे फुलांशी काहीतरी संबंध आहे एवढा अभ्यास करून आले होते. त्यांच्यानंतर पतसंस्थेचे चेअरमन बोलले, आणि मग एक भावी उमेदवार. तुझ्या जाण्याने झालेल्या कधीही न भरून येणाऱ्या हानीवरून भावी उमेदवार आपल्या रस्त्यावरच्या कधीही न भरल्या गेलेल्या खड्ड्यांवर अगदी सहज आले.

तू असतीस तर कोपर मारून विचारलं असतंस, “हा मेल्यावर याच्या दहाव्याला कोण बोलंल गं?”

आज घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मी तुझ्याशी बोलते आहे. आई ताट आणून ठेवते आणि जाते. अण्णा शेडमध्ये आहेत. संध्याकाळी माणसं यायची आहेत. असं का झालं ते शेवटी सांगते. मालिकेचा शेवट आधी सांगितलेला तुला चालायचा नाही.

तुला माझं कळलं ते शेडमध्येच. गणपती उठले होते आणि झेंडूचा पहिला तोडा सुरू होता. मी त्या वासात वाढले. फुलांच्या पालथ्या कॅरेटवर बसून वाचायला शिकले. त्या सकाळी चहा द्यायला आले आणि तोच वास पोटात असा शिरला की कप तिथेच ठेवून ठिबकच्या टाकीमागे पळाले. तू माझ्यामागे आली नाहीस. परत आले तेव्हा तू खाली मान घालून डागी फुलं बाजूला काढत होतीस.

“कोणाचंय?”

“काय?”

“पित्त-बित्त सांगू नको. पित्त मला पण होतं. कोणाचंय?”

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. निखिलचं. मनमाडचा आहे, वडील रेल्वेत आहेत, आयटीआय करून सातपूरला एका कंपनीत लागलाय, अजून कायम झालेला नाही. ओळख अभ्यासिकेत झाली. मी तिथे वाचायला जायचे आणि तो मोबाइल चार्ज करायला.

“लगीन करतो म्हणतो का?”

“नाही म्हणत नाही.”

“म्हंजे?”

“तो म्हणतो, ‘मी नाही म्हणत नाहीये, फक्त आत्ता नको.’”

तू एक फूल कॅरेटमध्ये जरा जोरातच टाकलंस. “लगीन आत्ता नको. बाकीचं समदं आत्ताच पाहिजे होतं का त्याला?”

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. मला वाटलं होतं तू थोबाडीत देशील, किंवा आईला हाक मारशील. तू कॅरेटवर ओलं गोणपाट टाकलंस, हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, “फोटो दाव.” फोटो बराच वेळ पाहिलास. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून पाहिलास, जवळ आणून पाहिलास. निकाल दिलास, “कानाच्या पाळ्या मोठ्या हायत. असली माणसं पळत नाय.”

मी तिसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र शिकते, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये असं वर्गात तावातावाने बोलते. पुढचे कितीतरी दिवस मी त्या पाळ्यांच्या आधारावर काढले.

मग आपण द्वारका चौकात डॉक्टरबाईंकडे गेलो. पंचवटीत आपलं अख्खं मखमलाबाद भेटतं, म्हणून तू मुद्दाम द्वारका निवडलीस. तिथे त्या चौकाच्या गोंधळात माणूस स्वतःला सापडत नाही, दुसऱ्याला कसा सापडेल, असा तुझा हिशोब. दवाखान्याचा जिना चढलो आणि समोरच्याच खुर्चीत आपल्या वरच्या आळीची हौसाकाकू बसलेली, सुनेला घेऊन आलेली. मी तुझ्या मागे सरकले. तू चप्पलसुद्धा न काढता म्हणालीस, “अगं, माझ्याच छातीत जळजळतंय कवाधरनं. पोरीला सोबत आणलं.”

“छातीत जळजळतंय तर बाईच्या डॉक्टरकडं गं कशाला?”

“मग काय बाप्याच्या डॉक्टरकडं जाऊ? मी बाईच हाय ना?”

तू हौसाकाकूच्या शेजारी बसून तिच्या सुनेच्या माहेरची चौकशी सुरू केलीस आणि माझा नंबर येईपर्यंत तिला वर मान करू दिली नाहीस. आत डॉक्टरबाई शांतपणे दोन्ही रस्ते सांगत होत्या. ठेवायचं असेल तर काय, नसेल तर काय, आणि ते लवकर का ठरवायला हवं. मला त्यांचे ओठ दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. तू ऐकत होतीस. बाहेर आल्यावर तू मला सगळं पुन्हा सांगितलंस, तुझ्या भाषेत, आणि मग रिक्षात बसल्यावर विचारलंस, “तुला पाहिजे का?”

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. निखिलने ‘आता काय करायचं’ असं विचारलं होतं. मी स्वतःला ‘आता काय होणार’ असं विचारत होते. तू बाहेर बघत म्हणालीस, “मला नव्हतं कुणी विचारलं.”

मी तुझ्याकडे वळले, तेवढ्यात रिक्षावाल्याने आडगाव नाक्याकडून फिरवून घेतलं आणि तू त्याच्यावर तुटून पडलीस. घर येईपर्यंत त्याचं घराणं काढत होतीस. तुला काय विचारलं नव्हतं, कधी, कुणी? तू लग्नानंतर थोड्याच वर्षांत परत आलीस, एवढंच मला माहीत आहे. घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही आणि मी समजत होते की काही बोलण्यासारखं नसेलच. नंतर विचारू म्हटलं. आपल्या घरात सगळं नंतर असतं. माल गेल्यावर.

आपलं भांडण कशावर होतं ते आठवतं का? तू म्हणत होतीस, आधी अण्णांना सांगू. मी म्हणत होते, आधी निखिलचं काय ते पक्कं होऊ दे, मग सांगू, म्हणजे निदान एक उत्तर तरी हातात असेल. तू म्हणालीस, “त्याचं पक्कं व्हायची वाट बघशील तर बारशाला सांगशील बापाला.” मी म्हणाले, तुला निखिलच्या पाळ्यांवर एवढा विश्वास आहे तर थांबायला काय हरकत आहे. तू म्हणालीस, “पळत नाय म्हणले मी. चालतोच असं कुठं म्हणले?”

शेवटी तू तह केलास. “दसऱ्याचा माल जाऊ दे. मग मी बोलते तुझ्या बापाशी. तू मधी तोंड घालायचं नाय.”

मला एवढं हलकं वाटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवले. लहानपणी पाहुणे आले की मी तुझ्या पातळात तोंड खुपसून उभी राहायचे, तसंच होतं हे. फक्त पातळ आता पुरणार नव्हतं, हे मला कळायला हवं होतं.

आणि दसऱ्याचा माल शेतात उभा असताना तू गेलीस.

दुपारची वेळ होती. आईने हाक मारली तेव्हा तू शेडच्या दारात बसलेली होतीस, भिंतीला टेकून, तोंडावर पदर घेऊन झोपतेस तशी. दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी फार वेळ घेतला नाही. ते सगळं तुला माहीत आहे, किंवा नाही, मला यातलं काही कळत नाही. मला एवढंच सांगायचं आहे की तुला उचलून आणलं तेव्हा मला आधी दुःख झालं नाही. आधी भीती वाटली. आता अण्णांना कोण सांगणार, हा विचार माझ्या डोक्यात तुझ्या नावाच्याही आधी आला. याची लाज वाटून मी एवढी रडले की बायका म्हणाल्या, भाचीचा किती जीव होता बघा.

सुतकात कुणीतरी शंका काढली, या घरची फुलं दसऱ्याला देवाला कशी चालणार? व्यापारी म्हणाला, “झेंडूला सुतक कळत नाय, कॅरेट भरा.” शेजारच्यांनी तोडा केला. अण्णा ओट्यावर बसून बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा दसऱ्याच्या तोड्याला त्यांचा हात लागला नाही.

एक बाई रोज विचारायची, “तुझी काही अडचण नाही ना गं? देवाधर्माचं चाललंय, शिवाशिव नको.” मी म्हणायचे, नाही. अडचण नव्हती हीच माझी अडचण होती. वाक्य मनात तयार व्हायचं आणि मान सवयीने तुझ्या कोपऱ्याकडे वळायची, कारण असलं वाक्य ऐकून खुसखुसणारी घरात तू एकटीच होतीस.

मग हौसाकाकू भेटायला आली. अण्णांच्या समोर बसली आणि म्हणाली, “मला तवाच म्हणली होती हो, छातीत जळजळतंय. द्वारकेच्या दवाखान्यात भेटल्या ना दोघी. मी म्हणलं बाई, नीट दाखव.”

अण्णांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं.

काकू गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. “तू होतीस तिच्यासोबत?”

“हो.”

“काय म्हणाले डॉक्टर?”

मी म्हणाले, “ॲसिडिटी.”

“आन मला सांगावं वाटलं नाय? दोघींपैकी एकीला पण?”

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मला पश्चात्ताप झालाय. त्या दिवसापासून ते मला पाणीसुद्धा मागेनासे झाले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, “दुखत होतं तिला. अंगावर काढलं. पोरीला माहीत होतं.”

आत्या, तू खोटं बोलत होतीस ना? की खरंच जळजळत होतं, आणि तू खोटं शोधत असताना हाताशी आलं ते खरंच उचललंस? तुला खोटं इतकं पटकन कधी सुचतं का? सुचतं म्हणा. शाळेत माझ्या उशिराची कारणं तूच द्यायचीस, आणि एकही कारण दोनदा दिलं नाहीस. पण तू त्या दिवशी जिना चढताना मध्ये थांबली होतीस. मी वर पोचून चिडून म्हणाले होते, चल ना. हे मला रोज आठवतं आणि पुढे काहीच आठवत नाही. डॉक्टरबाईंच्या समोर बसून तू माझं सगळं लक्षात ठेवलंस. तुझ्या छातीचं कुणालाच विचारलं नाही. तू नाहीस आणि मीही नाही.

निखिल तुला पोचवायला आला होता. सुटी मिळाली नाही म्हणून पहिली शिफ्ट संपवून तसाच आला, हेल्मेट काखेत धरून, ओट्याच्या टोकाला उभा राहिला. अण्णांनी सवयीने विचारलं, “कोण पाहुणं?” तो म्हणाला, “गौरीच्या ओळखीचा.” अण्णांनी आईला खुणावलं आणि आईने त्याला पाणी दिलं. तो ते गटागटा प्यायला. मी दाराआडून त्याचे कान पाहत होते. नंतर मेसेज आला, तुझ्या आत्यांबद्दल खूप वाईट वाटलं, मी आहे. मी लिहिलं, म्हणजे नक्की कुठे आहेस? त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही. मग आलं, घरी बोलतो, थोडा वेळ दे. तो वाईट मुलगा नाही, आत्या. तो घाबरलेला मुलगा आहे. पण मीही घाबरलेलीच आहे आणि मला कुणाकडे वेळ मागायची सोय नाही.

वेळ तर उलट कमी होत चालला. मामा आला आणि तिसऱ्या वाक्याला म्हणाला, “दाजी, घरात मयत झालंय. पोरीचं वर्षाच्या आत उरकून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागंल.” निफाडकडचं स्थळ होतं. द्राक्षबाग, एकुलता एक, मुलगा निर्व्यसनी. प्रत्येक स्थळाचा मुलगा निर्व्यसनीच असतो. व्यसनी मुलं बहुतेक लग्नच करत नसावीत. मी तुला हे सांगायला वळले आणि तुझ्या खाटेवर मामाची बॅग होती. अण्णा म्हणाले, “तेराव्यानंतर बघू.” मामा म्हणाला, “बघू नाय, तेराव्यालाच बोलवतो त्यांना. भेटायच्या निमित्तानं येतील.”

त्याच आठवड्यात कधीतरी मी मोरीत घसरले. सुतकाच्या घरात सगळे सारखे आंघोळी करतात, फरशी वाळतच नाही. पडले नाही. रांजणाला धरून तोल सावरला. पण दुसरा हात कुठे होता ते मी पाहिलं. पोटावर होता. लोक काय म्हणतील म्हणून तो तिथे गेला नव्हता, निखिलसाठीही नव्हता. काही झालं तर नाही ना, ही एकच भीती होती आणि ती बाकी सगळ्या भीतींहून मोठी होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं ओल्या फरशीवर मिळालं. मला पाहिजे, आत्या. का पाहिजे ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. मी सगळं सांगता येणारी मुलगी आहे, हे मला पहिल्यांदाच सांगता येत नाही.

म्हणून मी दहाव्याचा बेत केला.

कॉलेजच्या अंकात मी कावळ्याविरुद्ध लेख लिहिला होता, तो तुला वाचून दाखवला होता. पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोक ताटकळत उभे राहतात, मेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल याचे अंदाज बांधतात, वचनं देतात, वगैरे. बरीच टाळ्यांची वाक्यं होती त्यात. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “कावळा येतो का नाय ते सोड. तेवढ्या येळात लोकं खरं बोलत्यात. माझ्या सासऱ्याच्या टायमाला कावळा यीना, तर माझ्या दिराने धाकट्याचा कोरलेला बांध परत सोडतो म्हणून कबूल केलं. चारचौघांत. मंग त्याला सोडावा लागला.” मी म्हणाले, म्हणजे ही सामाजिक दबावाची यंत्रणा झाली. तू म्हणालीस, “जे झालं असंल ते. बांध सोडला.”

मी त्या यंत्रणेवर भरवसा टाकला. तुझ्या पिंडाला कावळा शिवणार नाही, याची मला खात्री होती. तुझी इच्छा राहिली होती ना, मला माहीत होती ना! सगळे घामाघूम होतील. अण्णा हात जोडून विचारतील, सुमे, काय राहिलं गं तुझं? तेव्हा मी पुढे होईन आणि म्हणेन, मला माहीत आहे. त्या क्षणी मला कुणी मारू शकणार नाही, गप्प बसवू शकणार नाही, कारण पिंड तिथे असेल. पुढचं वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं की ते पाठ झालं. कावळ्याविरुद्ध लेख लिहिणारी मी कावळ्याच्या उशिरावर जीव टांगून गंगेवर गेले.

भाषणं संपली. गुरुजींनी पिंड मांडला. माणसं मागे सरली, सगळे गप्प झाले. अण्णांनी हात जोडले. मुंडण केलेलं त्यांचं डोकं उन्हात उघडं, अनोळखी दिसत होतं. मी पाठ केलेलं वाक्य ओठांपर्यंत आणलं.

आणि कावळा आला. लगेच आला. अण्णांनी धड डोळेसुद्धा मिटले नव्हते. एक आला, पाठोपाठ दुसरा, भाताचा घास घेऊन उडाले. गंगेवरच्या कावळ्यांचं हे रोजचं काम आहे, त्यांना कुणाच्या इच्छेशी काय करायचंय, हे मी माझ्याच लेखात लिहिलं होतं. आजूबाजूला सुटल्याचा आवाज झाला. “पुण्यवान बाई.” “काही राहिलं नव्हतं.” “समाधानानं गेली.” माजी नगरसेवकांनी तर जणू त्यांच्याच भाषणाने कावळा आला अशी मान हलवली.

मी तिथेच उभी होते आणि मला एवढा राग आला, आत्या. तुझा. काही राहिलं नव्हतं? मग मी कोण होते? मला माहीत आहे की कावळा हा पक्षी आहे. तरी मला वाटलं, तू मला सोडून दिलंस. आता बोलायला जागाच उरली नव्हती, आणि तेराव्याला निफाड येणार होतं.

माणसं चहाकडे गेली. अण्णा एकटेच खालच्या पायरीवर पाय धूत बसले होते. मी का गेले माहीत नाही. वर सगळ्यांच्यात उभं राहवत नव्हतं, म्हणून गेले असेन.

ते वळले नाहीत. म्हणाले, “लगेच शिवला.”

“हो.”

“म्हंजे तिचं काय राहिलं नव्हतं.” त्यांनी ओंजळभर पाणी पायावर ओतलं. “माझं राहिलं. तुम्ही दोघींनी सांगितलं असतं तर चांगल्या दवाखान्यात नेली असती मी तिला. एवढं माझं राहिलं बघ.”

मी गप्प राहू शकले असते. ते आयुष्यभर तेच म्हणत राहिले असते आणि मी आयुष्यभर मान खाली घालून ऐकत राहिले असते.

“अण्णा, आत्या तिथे स्वतःसाठी आली नव्हती. माझ्यासाठी आली होती.”

त्यांना समजायला वेळ लागला. ते मी त्यांच्या पाठीवर पाहिलं. आधी पाठ नुसती पाठ होती, मग ती ताठ झाली.

“कोण?”

“निखिल. मनमाडचा. त्या दिवशी आला होता.”

“तो हेल्मेटवाला?”

“हो.”

“पाणी पिऊन गेला आपल्याकडचं,” ते म्हणाले, जणू सगळ्यात मोठा गुन्हा तोच होता.

मी सगळं एका दमात सांगितलं, कारण दुसरा दम घेतला असता तर सांगता आलं नसतं. तो काय म्हणतो, काय म्हणत नाही. छातीचं तू हौसाकाकूला का सांगितलंस. ते खरं होतं की खोटं मला माहीत नाही, हेसुद्धा. आणि शेवटी, “मला पाहिजे आहे, अण्णा. तो आला तरी आणि नाही आला तरी.”

पाणी त्यांच्या पायांवरून जात होतं. ते म्हणाले, “सुमी म्हणली होती मला. तुझ्याशी बोलायचंय म्हणली. कॅरेट कमी पडत होते त्या दिवशी. मी म्हणलं, माल जाऊ दे.”

मग ते एकदम उठले. मी डोळे मिटून घेतले. मार बसणार असं वाटलं आणि मी पोटावर हात घेतले.

“मंग तू इथं आलीसच कशाला?” ते ओरडले. खरंच ओरडले. “पोटुशी बाईनं घाटावर यायचं नसतं. एवढी पुस्तकं वाचती, एवढं कळत नाय? पिंडाच्या समोर उभी राहिली ही!” त्यांनी खांद्यावरचा ओला पंचा काढून माझ्या डोक्यावर टाकला, कपाळापर्यंत ओढला. “नदीकडं पाठ कर. मागं बघू नको. चल.”

ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही पायऱ्या चढलो. वर चहावाल्याभोवती सगळा गोतावळा उभा होता. तरण्या पोरीला डोक्यावरून पंचा घालून, नदीकडे पाठ करून घाटावरून का नेतात, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हौसाकाकूचा चहाचा ग्लास तोंडाजवळच थांबला. मग मामाला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून निफाडची बाग हळूहळू उतरताना मी पाहिली. आई गुडघ्यावर हात देऊन उठली, माझ्याकडे बघत राहिली, जवळ आली नाही. भावी उमेदवार बाजूला झाले, तेही हात जोडून. त्यांना वाटलं असेल अजून काही विधी बाकी आहे.

“सरका,” अण्णा म्हणत होते. “सरका, वाट द्या.”

पंच्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. ते मला वाचवत होते की सगळ्या गावाला सांगत होते, आणि यातलं काय करतो आहोत हे त्यांना तरी ठाऊक होतं का, ते मला अजून कळलेलं नाही. गाडीत ते एकच वाक्य बोलले: त्या पोराला उद्या बोलव, घरच्यांसकट. निखिल फोनवर ‘येतो’ म्हणाला. त्याआधी तो किती वेळ गप्प होता ते तुला सांगत नाही. पण त्या पायऱ्यांवर, एवढी माणसं टक लावून बघत असताना, अण्णा एकदाही थांबले नाहीत, आणि मला ते सोडून दुसरं काही दिसत नव्हतं: ते माझ्या पुढे चालत होते.